दिसते तसे नसते
पिवळ्या फुलपाखरांची कुळकथा

पावसाने जरा उघडीप दिली की शेताच्या बांधावर, पाणंदीच्या कडेला, घरामागच्या परसात एक लहानसे पिवळे फुलपाखरू हटकून दृष्टीस पडते. त्याचे उडणे जमिनीलगतचे. गवताच्या शेंड्यांवरून, झुडपांच्या मधून ते रेंगाळत जाते, क्षणभर टेकते आणि पुन्हा उठते. गोव्याच्या भातशेतांत, बेळगावच्या माळावर, वडोदे, इंदूर आणि ग्वाल्हेरकडील रानांत, हैदराबादच्या बागांत, सर्वत्र ते आहे. इतक्या ओळखीच्या जिवाकडे मुद्दाम थांबून कोणी पाहत नाही. 'पिवळे फुलपाखरू' एवढे म्हटले की त्याची ओळख पुरी झाली असे आपण समजतो.

वस्तुतः ओळख तेथून सुरू होते. एकाच बांधावर उडणारी पाच-सहा पिवळी फुलपाखरे तीन निराळ्या जातींची असू शकतात. उलट, ज्या दोन फुलपाखरांचे रंगरूप पाहून ती परस्परांची नातलग असतील अशी शंकाही येऊ नये, ती एकाच मातेच्या अंड्यांतून निपजलेली असतात. 'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते' ही आपली म्हण जणू या फुलपाखरांसाठीच झाली आहे. गेल्या अडीचशेहून अधिक वर्षांत मोठमोठे पंडितही त्यांच्यापुढे फसले. ते कसे फसले, कशाने सावध झाले, आणि त्या सावधपणाचा आपल्यासारख्या शेतीवाडीच्या माणसांना काय उपयोग, हे या लेखात पाहावयाचे आहे.

कुळ आणि गोत्र

फुलपाखरे आणि पतंग मिळून कीटकांचा एक मोठा गण होतो. त्याचे शास्त्रीय नाव लेपिडॉप्टेरा, म्हणजे खवलेपंखी. फुलपाखरू धरले असता बोटांना जी भुकटी लागते ती धूळ नव्हे. पंखांवर कौलांप्रमाणे एकावर एक बसविलेल्या अतिसूक्ष्म खवल्यांची ती भुकटी होय. या गणातील फुलपाखरांची पुढे काही कुले पडतात. त्यांपैकी पायेरिडी या कुलात पांढरी आणि पिवळी फुलपाखरे येतात. जगात या कुलाच्या सुमारे १,१०० जाती आहेत. त्यातही पिवळ्यांचा म्हणून जो प्रमुख पोटविभाग आहे त्याला कोलिआडिनी उपकुल म्हणतात.

हे कुल केवळ रंगावरून ठरविलेले नाही. तसे असते तर पिवळ्या रंगाचा प्रत्येक पतंगही त्यात घालावा लागला असता. पायेरिडी कुलातील फुलपाखरांचे सहाही पाय नर-मादी दोघांत पूर्ण वाढलेले आणि चालण्याच्या उपयोगाचे असतात. फुलपाखरांच्या दुसऱ्या एका मोठ्या कुलात पुढचे दोन पाय आखडून छातीशी दुमडलेले राहतात व ते चालण्याच्या कामी येत नाहीत. पायेरिडींच्या पायांची नखे टोकाशी दुभंगलेली असतात. त्यांचे अंडे लांबट आणि पानावर उभे असते. कोश शेपटीच्या टोकाने फांदीला चिकटतो आणि कमरेभोवती रेशमाचा एक बारीक फेरा घेऊन स्वतःला सावरून धरतो. ताडावर चढणारा माणूस कमरेला दोर घेतो त्यासारखाच हा प्रकार. पाय, अंडे आणि कोश ही या कुळाची खूण आहे. रंग हा वरचा अंगरखा.

आपल्या बांधावरचे नेहमीचे लहान पिवळे फुलपाखरू युरेमा या प्रजातीतील आहे. इंग्रजीत या प्रजातीच्या फुलपाखरांना 'ग्रास यलो' म्हणतात; आपण त्यांना गवती पिवळी म्हणू. त्यांतील सर्वांत परिचित जातीला स्वीडनचे शास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५८ साली शास्त्रीय नाव दिले. ग्रीक पुराणकथांतील ट्रॉय नगरीची राणी हेकॅबी हिच्यावरून त्यांनी ते घेतले. लिनियस यांनी तेव्हा झाडून साऱ्या फुलपाखरांना एकाच प्रजातीत घातले होते. पुढे जर्मनीचे याकोब ह्यूब्नर यांनी १८१९ साली युरेमा ही स्वतंत्र प्रजाती स्थापन केली. आपल्या देशातील जुन्या ग्रंथांत मात्र ही फुलपाखरे टेरियस या नावाने आढळतात. आज युरेमा हेकॅबी हेच नाव रूढ आहे. आफ्रिकेपासून आशिया ओलांडून ऑस्ट्रेलियापर्यंत या एका जातीचा पसारा आहे.

ठिपके मोजावे

गवती पिवळी फुलपाखरे बसताच पंख मिटतात. वरच्या बाजूची काळी किनार उडताना क्षणभर दिसते आणि लोपते. म्हणून त्यांना ओळखावयाचे तर मिटलेल्या पंखांची बाहेरची, म्हणजे खालची बाजू पाहावी लागते. पुढच्या पंखाच्या मुळाशी शिरांनी वेढलेला एक लांबट कप्पा असतो. त्या कप्प्यात बारीक तपकिरी ठिपके असतात. नेहमीच्या हेकॅबी जातीत ते बहुधा दोन असतात. ब्लँडा नावाच्या जातीत तीन असतात. दक्षिणेकडील सदाहरित रानांत आढळणाऱ्या अँडरसोनी या जातीत एकच असतो. लीटा या जातीत ठिपके नसतातच. शिवाय तिच्या पुढच्या पंखाचे टोक गोल नसून कात्रीने कापल्यासारखे चौकोनी दिसते. ब्रिजिट्टा ही जात आकाराने लहान असून तिला मोकळे, कोरडे माळरान मानवते. निलगिरी डोंगरांतील आणखी एक जात जपानचे अभ्यासक ओसामू याता यांनी १९९० साली वेगळी करून दाखविली. लिनियस यांच्यानंतर दोनशे तीस वर्षांहून अधिक काळ लोटला तरी हे काम संपले नव्हते, हे यावरून ध्यानात येईल.

एवढे वाचून ठिपके मोजू लागणाऱ्या वाचकाला एक इशारा देणे अवश्य आहे. ठिपके हे चांगले साधन आहे, पण ते कायद्याचे कलम नव्हे. एखादा ठिपका पुसट असतो, एखादा दुसऱ्यात मिसळलेला असतो. तेव्हा केवळ ठिपक्यांवर विसंबू नये. फुलपाखरू काय खाऊन वाढले, त्याची अंडी कशी होती, अळी कोणत्या रंगाची होती, हे विचारल्यावाचून निर्णय देऊ नये.

अंड्यापासून पंखांपर्यंत

हेकॅबीची मादी अंडे घालण्यापूर्वी पानावर उतरून पुढच्या पायांनी ते चाचपते. फुलपाखराला पायांनी चव कळते. पान योग्य ठरले तरच ती त्यावर एक फिकट पांढरे अंडे उभे करते, आणि दुसऱ्या पानाकडे जाते. एका ठिकाणी एकच अंडे, हा तिचा शिरस्ता. तिला लागतात शेंगा धरणाऱ्या कुळातील झाडे: टाकळा, बहावा, शिरीष, शेवरी, विलायती चिंच. पैकी टाकळा आपणा सर्वांच्या परिचयाचा. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर तो वाटेच्या कडेला उगवतो. त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी कोकणात आणि गोव्यात आवडीने करतात. म्हणजे त्या दिवसांत आपण आणि ही अळी एकाच झुडपाचे धनी असतो.

अळी पानासारखीच हिरवी, बारीक आणि गुळगुळीत असते. दोन्ही कुशींवर एक फिकट रेघ असते. पानाच्या शिरेलगत ती आडवी झाली की तिथे काही आहे असे वाटतही नाही. वाढताना ती चार वेळा कात टाकते आणि मग फांदीला रेशमाचा फेरा घेऊन कोश होते. अंड्यापासून पंखांपर्यंत हा प्रवास उष्ण दिवसांत साधारण तीन-चार आठवड्यांत पुरा होतो. कोशातून बाहेर पडलेले नर पुष्कळदा ओल्या वाळूवर, गुरांच्या पाणवठ्याशी घोळक्याने बसलेले आढळतात. ते तेथे केवळ पाणी पीत नसतात. फुलांच्या मधात न मिळणारे क्षार ते त्या ओलाव्यातून शोषून घेतात.

दोन ऋतूंचे दोन पोशाख

आता पंडितांच्या फसगतीकडे वळू. पावसाळ्यात निपजणाऱ्या हेकॅबीच्या पंखांना रुंद, ठळक काळी किनार असते आणि खालची बाजू बरीचशी स्वच्छ पिवळी असते. थंडीत व उन्हाळ्यात निपजणाऱ्या फुलपाखराची किनार आखूड होते, मागच्या पंखावर तर तिचे नुसते ठिपके उरतात. आणि खालच्या बाजूवर तांबूस तपकिरी डाग पसरतात. वाळलेल्या पाचोळ्यात ते बसले की पिकून गळालेल्या पानासारखे दिसते. अळीच्या वाट्याला दिवस किती लांबीचा आला आणि ऊब किती मिळाली यावर हा पोशाख ठरतो.

एकोणिसाव्या शतकात युरोपातील संग्रहालयांकडे जगभरातून टाचणीला टोचलेली फुलपाखरे येत होती. पेटीतल्या फुलपाखरावर ऋतू लिहिलेला नसे. किनार रुंद दिसली की एक नाव, अरुंद दिसली की दुसरे, डाग अधिक दिसले की तिसरे, असा नावांचा पाऊस पडला. एकट्या हेकॅबीच्या वाट्याला अशी कित्येक निरुपयोगी नावे आली. हा गोंधळ संग्रहालयात बसून सुटण्यासारखा नव्हता. जपानात योकोहामा येथे राहणारे हेन्री प्रायर हे इंग्रज गृहस्थ १८८० च्या दशकात या फुलपाखरांची पैदास करू लागले. अंड्यांपासून त्यांनी ती वाढविली, तेव्हा पुस्तकांत निरनिराळ्या जाती म्हणून नोंदलेली रूपे एकाच वंशातून निघताना त्यांना दिसली. टाचणीच्या शंभर नमुन्यांनी जे कळले नाही ते अळ्यांना पाला घालणाऱ्या माणसाला कळले.

अशीच दुसरी गोष्ट बहाव्यावरच्या मोठ्या पिवळ्या फुलपाखराची. हेही त्याच उपकुलातील, पण त्याची प्रजाती निराळी. तिचे नाव कॅटोप्सिलिया. हे फुलपाखरू उडण्यात दांडगे असून मोठ्या संख्येने एका दिशेने प्रवासाला निघते. म्हणून इंग्रजीत त्याला 'एमिग्रंट', म्हणजे देशांतर करणारे, असे म्हणतात. याची दोन रूपे दिसतात. एकाच्या शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, तांबड्या असतात आणि पंखांच्या खालच्या बाजूवर तांबड्या कड्यात बसविलेले रुपेरी ठिपके असतात. दुसऱ्याच्या शृंगिका काळ्या असतात आणि ते ठिपके नसतात. १७७५ सालीच या दोघांना दोन जाती मानून दोन नावे मिळाली: एकाला पोमोना, दुसऱ्याला क्रोकॅली. कर्नल बिंगहॅम यांनी भारतातील फुलपाखरांवर १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातही त्या दोन स्वतंत्र जाती म्हणूनच आहेत. पुढे ही दोन्ही रूपे एकाच जातीची असल्याचे मान्य झाले आणि आज पोमोना हे एकच नाव चालते. एकाच घरात एक मूल सावळे व एक गोरे निघावे, तसा हा प्रकार. शेजाऱ्यांनी मात्र त्यांची सव्वाशेहून अधिक वर्षे दोन घराणी मानली.

एक म्हणून गेले, दोन होऊन आले

इतके झाल्यावर वाटेल की शहाणपणा सगळा एकत्र करण्यात आहे. जपानच्या फुलपाखरांनी हाही भ्रम टिकू दिला नाही. तेथील सारी हेकॅबी एकच, असे प्रायर यांच्यानंतर धरले जात होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस योशिओमी काटो आणि त्यांचे सहकारी यांनी बारकाईने पाहिले, तेव्हा पंखाच्या कडेची केसाळ झालर काहींत पिवळी आणि काहींत तपकिरी आढळली. पिवळ्या झालरीची फुलपाखरे उत्तरेकडील थंड भागातली, तपकिरी झालरीची दक्षिणेकडील उष्ण बेटांवरची. दोघांच्या अळ्यांची आवडती झाडे निराळी. ओकिनावासारख्या बेटांवर दोन्ही एकत्र आढळतात, तरीही त्यांचा सहसा संकर होत नाही. अखेर ती दोन स्वतंत्र जाती ठरली. दक्षिणेकडील जातीकडे हेकॅबी हे नाव राहिले आणि उत्तरेकडील जातीला एक जुने, अडगळीत पडलेले नाव, मँडरिना, परत मिळाले. जी नावे निरुपयोगी म्हणून टाकून दिली होती त्यांतलेच एक सत्य निघाले.

याच जपानी फुलपाखरांत आणखी एक आश्चर्य सापडले. तानेगाशिमा नावाच्या बेटावर काही माद्यांना फक्त माद्याच होतात. याचे कारण वोल्बाकिया नावाचा एक सूक्ष्म जंतू. तो फुलपाखराच्या पेशींत वास करतो आणि आईकडून अंड्यावाटे पुढच्या पिढीत जातो. नराकडून त्याला पुढे जाता येत नाही, म्हणून माद्यांची संख्या वाढण्यात त्याचा स्वार्थ आहे. अळ्यांना जंतुनाशक प्रतिजैविक दिले तेव्हा त्यांतून काही अंशी नर व काही अंशी मादी अशी मिश्र लक्षणांची फुलपाखरे निघाली. म्हणजे जातच काय, हे नर की मादी हा साधा प्रश्नही डोळ्यांनी सुटेलच असे नाही.

मग ती परस्परांना कशी ओळखतात?

आपण फसतो, पंडित फसतात. फुलपाखरे मात्र जोडीदार निवडताना सहसा फसत नाहीत. याचे एक कारण असे की त्यांना आपणांस न दिसणारा रंग दिसतो. सूर्यप्रकाशातील जांभळ्यापलीकडचे, म्हणजे अतिनील किरण मानवी डोळ्यांना अगोचर आहेत, पण फुलपाखरांना ते दिसतात. हेकॅबीच्या नराच्या पंखांवरील खवल्यांची घडण अशी असते की ठरावीक कोनातून ते अतिनील प्रकाशाने झळकतात. आपल्याला जो साधा पिवळा वाटतो तो मादीच्या दृष्टीने लखलखता पोशाख असतो. ऑस्ट्रेलियात या जातीवर झालेल्या प्रयोगांत माद्यांचा कल अधिक झळकणाऱ्या नरांकडे असल्याचे दिसून आले.

झळक खवल्यांच्या घडणीची. पण पिवळा रंग स्वतः खवल्यांत साठविलेल्या द्रव्यांचा आहे. त्या द्रव्यांची कथा तर आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आणि बाळंतिणीच्या खोलीपर्यंत येऊन पोचते.

इंग्लंडमधील फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स यांनी तरुणपणी, १८८९ च्या सुमारास, याच कुलातील एका पिवळ्या फुलपाखराच्या रंगाचा अभ्यास आरंभिला. शरीरातून टाकून द्यावयाच्या युरिक आम्लापासून हा रंग होत असावा, असा त्यांचा तर्क होता. तो पुरता बरोबर ठरला नाही. १९२५ साली जर्मनीत हाइनरिश वीलांड आणि क्लेमेन्स शोफ यांनी हे पिवळे द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळविले. पंखांसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून या द्रव्यांच्या वर्गाला टेरिन असे नाव पडले. पांढऱ्या फुलपाखरांतला पांढरा, पिवळ्यांतला पिवळा आणि काहींच्या पंखांवरचा नारिंगी, हे सारे या एकाच वर्गातील निरनिराळ्या द्रव्यांचे रंग आहेत. हॉपकिन्स पुढे जीवनसत्त्वांच्या संशोधनाकडे वळले आणि त्यासाठी १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. फुलपाखरांचा विषय मागे पडला असे तेव्हा वाटले असेल.

त्याच सुमारास, १९२८ साली, लुसी विल्स नावाच्या इंग्रज स्त्री-डॉक्टर मुंबईत आल्या. तेथील कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रिया गरोदरपणी एका विलक्षण पांडुरोगाने खंगत होत्या. त्यांचे रक्त पातळ होई, अंगातील बळ जाई, कित्येकींचे प्राण जात. विल्स यांनी त्यांचा आहार तपासला, जनावरांवर प्रयोग केले, आणि यीस्टचा अर्क, जो इंग्लंडात मार्माइट या नावाने विकत मिळे, तो देताच या स्त्रिया सुधारतात हे १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी अंश कोणता हे तेव्हा ठाऊक नव्हते. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पाल्यातून एक द्रव्य वेगळे काढण्यात आले. पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल म्हणतात. विल्स यांच्या अर्कातला गुण याच द्रव्याचा होता. १९४० च्या दशकाच्या मध्यावर त्याची रासायनिक रचना उलगडली, तेव्हा तिच्या एका टोकाला रसायनशास्त्रज्ञांना ओळखीचा चेहरा दिसला: फुलपाखरांच्या पंखांतील टेरिनचाच सांगाडा.

याचा अर्थ जीवनसत्त्व फुलपाखरांपासून काढतात असा कोणी घेऊ नये. तो यीस्टमध्ये, हिरव्या पालेभाज्यांत, कडधान्यांत आहे. पण दोन्ही द्रव्यांचे रासायनिक घराणे एक आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या वैद्यकीय चाचणीने दाखवून दिले की, ज्या स्त्रियांच्या आधीच्या बाळाला पाठीच्या कण्याचे जन्मजात व्यंग होते त्यांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल घेतल्यास बहुतांशी ते व्यंग पुन्हा होत नाही. आज आपल्या देशात गर्भवतींना लोह आणि फॉलिक आम्ल यांच्या गोळ्या दिल्या जातात. कोणाच्या घरी ती गोळी कडवट म्हणून ताटाखाली ढकलली जात असेल, तर घरातल्या वडीलधाऱ्यांनी मुंबईच्या त्या गिरणीकामगार स्त्रियांची आठवण द्यावी.

शेतकऱ्याने काय पाहावे

आता बांधाकडे परत येऊ. ब्लँडा आणि हेकॅबी ही दोन फुलपाखरे उडताना जवळजवळ सारखी दिसतात. त्यांची घरे मात्र अगदी वेगळ्या रीतीने चालतात. हेकॅबी एकेक अंडे घालते, हे वर आलेच आहे. ब्लँडा एकाच ठिकाणी पुष्कळ अंडी घालते. तिच्या अळ्या एकत्र राहतात, एकत्र खातात, आणि पुष्कळदा त्यांचे कोशही एकाच डहाळीवर ओळीने लटकतात. हेकॅबीच्या अळीचे डोके हिरवे, ब्लँडाच्या अळीचे काळे. इंडोनेशिया, मलेशिया आणि फिलिपाइन्स येथे लाकडासाठी लावलेल्या शिरीषाच्या जातभाईंच्या बागांत ब्लँडाच्या अळ्या कोवळ्या रोपांचा पाला खाऊन टाकतात आणि तेथे त्यांची गणना उपद्रवी किडींत होते.

हा भेद ज्याला ठाऊक नाही तो दोन चुका करतो. कुंपणावर पिवळी फुलपाखरे भिरभिरताना पाहून तो साऱ्या बांधावर औषध फवारतो. त्यात हेकॅबी मरते, मधमाशी मरते, किडींना खाणारे कोळी आणि गांधीलमाश्याही मरतात. आणि भाताला किंवा जोंधळ्याला तिळमात्र लाभ होत नाही, कारण या अळ्या त्या पिकांना तोंडही लावीत नाहीत. दुसरी चूक उलट दिशेची. रोपवाटिकेत लहान रोपांवर काळ्या डोक्याच्या अळ्यांचा पुंजका दिसला तरी 'असतील दोन-चार अळ्या' म्हणून तो दुर्लक्ष करतो, आणि चार दिवसांनी रोपाच्या नुसत्या काड्या उरतात. ज्याला भेद ठाऊक आहे त्याला फवारणीचे कारणच पडत नाही. अंड्यांचा पुंजका असलेले पान किंवा अळ्यांची डहाळी वेळीच हाताने खुडली की काम झाले. नावे ठेवण्याचा हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर हे आहे. नाव चुकले की उपाय चुकतो, आणि निरपराध्याला दंड होतो.

आणखी एक विनंती. पावसाळ्यात वाटा साफ करताना टाकळ्याचे एकूण एक झुडूप उपटून टाकण्याची पद्धत आहे. पिकातला टाकळा काढावाच लागतो; त्याबद्दल तक्रार नाही. परंतु कुंपणाच्या कडेला, शाळेच्या वा चर्चच्या आवारात एखाद्या कोपऱ्यात थोडा टाकळा राहू द्यावा. भाजीला पाला मिळेल आणि या फुलपाखरांचा संसारही चालेल. बहाव्याचे एखादे झाड असेल तर उत्तमच. त्यावर मोठे आणि लहान, दोन्ही पिवळे पाहुणे येतील.

घरातील मुलांना हे शिकवावयाचे तर पुस्तकापेक्षा बरणी बरी. टाकळ्याच्या पानावरची एक हिरवी अळी पानासकट रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत ठेवावी आणि तोंडावर विरळ फडके बांधावे. रोज ताजा पाला घालावा, जुना काढून बरणी कोरडी ठेवावी, उन्हात ठेवू नये. आत एक बारीक काटकी उभी करावी म्हणजे कोशाला आधार मिळेल. कोश पिवळा दिसू लागला आणि आतले पंख पारदर्शक सालीतून ओळखू आले, की दुसऱ्या दिवशी सकाळी फुलपाखरू बाहेर पडेल. त्याला धरू नये, कारण ओले पंख एकदा मुरडले की पुन्हा सरळ होत नाहीत. फडके सोडून बरणी अंगणात ठेवावी. पंख वाळेपर्यंत ते मिटून बसते. तेवढ्या वेळात मुलांनी ठिपके मोजावेत आणि वहीत तारीख, झाडाचे नाव, अळीच्या डोक्याचा रंग व ठिपक्यांची संख्या लिहून ठेवावी. पुढच्या उन्हाळ्यात दुसरी अळी पाळून तीच नोंद पुन्हा करावी. मग किनार रुंद होते की अरुंद, हे त्यांना कोणी सांगावे लागणार नाही.